काळ्या सोंगट्यांनी खेळायचं तरी काय?

प्रश्न : पत्रलेखिका नोकरी सांभाळून बुद्धिबळ खेळतात. शाळेत शिकलेला खेळ चार वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा सुरू केला. ऑनलाइन रॅपिडमध्ये रेटिंग १४५० च्या आसपास आहे आणि सरावाला आठवड्यातले जेमतेम पाच तास मिळतात. पांढऱ्या सोंगट्यांनी डाव बरे जातात, काळ्या आल्या की हार ठरलेली, असं त्या लिहितात. दीड वर्षात त्यांनी कारो-कान सोडला, सिसिलियन नायडॉर्फ सोडला, डी४ विरुद्ध किंग्ज इंडियन सोडला. सध्या फ्रेंचचा व्हिडिओ कोर्स अर्ध्यावर आहे. (ही सगळी सुरुवातीच्या चालींच्या पद्धतींची, म्हणजे ओपनिंग्जची नावं; डी४, ई५ ही पटावरची घरं.) एक प्रशिक्षक म्हणतात, 'ई५ खेळा, बाकी सगळं विसरा.' एक मित्र म्हणतो, 'पर्क खेळ, समोरच्याला येतच नाही.' सहा आठवड्यांनी ९० मिनिटांच्या डावांची स्पर्धा आहे. 'माझा स्वभाव आक्रमक आहे. त्याला साजेसं आणि आयुष्यभर पुरेल असं एकच ओपनिंग सांगा,' अशी त्यांची मागणी आहे. सोबत त्यांनी हरलेले तीन आणि आवडते जिंकलेले दोन डाव पाठवले आहेत. शेवटी एक ओळ : 'स्पर्धेत लहान मुलं दहा चाली मिनिटभरात खेळतात आणि मला घाम फुटतो.'

उत्तर :

प्रश्न ओपनिंगचा आहे, पण आधी तुमचे डाव बघू. हरलेले तिन्ही डाव तुम्ही 'ओपनिंगमध्येच गेलेले' म्हणून पाठवलेत. त्यातला खरोखर ओपनिंगमध्ये गेलेला डाव एकच आहे. (चाली लिहिताना घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर आणि रा राजा. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ओ-ओ म्हणजे कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, आणि आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल.)

सिसिलियनचा डाव घ्या. नायडॉर्फच्या लांबलचक ओळी तुम्ही पाठ केल्या होत्या आणि समोरच्याने दुसऱ्याच चालीला २.सी३ खेळून अलापिन लावला. पंधरा मिनिटांच्या डावात पहिल्या पाच चालींवर तुमची सहा मिनिटं गेली. तरीही चौदाव्या चालीला पट समसमान आहे आणि चोविसाव्या चालीला तर तुम्ही एका प्याद्याने पुढे आहात. डाव गेला तो हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावर. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते आणि हत्ती स्वतःच्याच पुढे निघालेल्या प्याद्यासमोर अडकला होता. तो प्याद्याच्या मागे हवा होता.

किंग्ज इंडियनच्या डावात समोरून लंडन (डी४ नंतर लगेच उं-एफ४ ची मांडणी) आला. बाविसाव्या चालीपर्यंत काहीही बिघडलेलं नाही. मग पांढऱ्याचा घोडा डी५ वरून ई७ वर आला आणि राजा-वजीर एकदम फोर्कमध्ये, म्हणजे एकाच मोहऱ्याच्या दुहेरी माऱ्यात सापडले. तो घोडा डी५ वर तीन चाली उभा होता. कुठलंही ओपनिंग घेतलंत तरी असा घोडा दिसायलाच हवा.

राहिला कारो-कान. तो मात्र ओपनिंगचाच बळी आहे आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. १.ई४ सी६ २.घो-एफ३ डी५ ३.घो-सी३ डी×ई४ ४.घो×ई४ उं-एफ५ ५.घो-जी३ उं-जी६ ६.एच४ एच६. इथपर्यंत तुम्ही मुख्य ओळीतल्या चाली तशाच खेळलात. फरक एवढाच, की मुख्य ओळीत पांढऱ्याने दुसऱ्या चालीला डी४ खेळलेलं असतं आणि एफ३ चा घोडा अजून घरी असतो. इथे तो आधीच बाहेर आहे. म्हणून ७.घो-ई५ ही चाल लगेच मिळते. ७...उं-एच७ ८.व-एच५ जी६ ९.उं-सी४. आता वजीर मारला तर १०.उं×एफ७ ने मात. तुम्ही ९...ई६ १०.व-ई२ घो-एफ६ खेळलात आणि ११.घो×एफ७ रा×एफ७ १२.व×ई६+ ने खेळ संपला. वाईट वाटून घेऊ नका. जगज्जेत्या अलेखाइनने १९३८ साली प्लिमथच्या स्पर्धेत याच चालींनी एक डाव संपवला होता. तुमची चूक पाठांतरातली नव्हती. एफ५ वरचा उंट कधी सुरक्षित असतो, याचं कारण माहीत नव्हतं आणि चाल तेवढी पाठ होती.

म्हणून पहिलं काम, आणि हे अशाच पेचात असलेल्या प्रत्येकासाठी आहे : काळ्याने खेळलेले, दहा मिनिटांहून जास्त वेळेचे, मागचे वीस डाव काढा. प्रत्येकात तीनच गोष्टी लिहा : माहीत असलेल्या चाली कितव्या चालीला संपल्या, बाराव्या चालीला इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) काय म्हणतं आणि डाव नेमका कोणत्या चालीला हातातून गेला. बाराव्या चालीला पांढरा एका प्याद्याइतकाही पुढे नसेल, तर ओपनिंगला निर्दोष सोडा. इंजिन पांढऱ्याला ०.३ किंवा ०.५ प्याद्याने पुढे दाखवतं म्हणून ओपनिंग टाकून देणारे बरेच असतात. पण पहिली चाल पांढऱ्याची असल्यामुळे एवढा फरक सुरुवातीपासून असतोच, आणि १४५० च्या डावात तो पुढच्या दोन चालींत तीनदा इकडून तिकडे जातो. वीसपैकी आठ-दहा डाव खरंच बाराव्या चालीच्या आत बिघडले असतील तरच ओपनिंग बदलण्याचा विषय काढायचा. तीन-चारच असतील तर त्या तीन-चार जागा दुरुस्त करायच्या. आख्खं घर पाडायचं कारण नाही.

आता तुमचा 'आक्रमक स्वभाव'. जिंकलेले म्हणून जे दोन डाव अभिमानाने पाठवलेत ते पुन्हा बघा. एकात तुम्ही समोरच्याच्या डी४ वरच्या एकाकी प्याद्यासमोर घोडा बसवला, एकेक मोहरं बदललं आणि शेवटी ते प्यादं खाल्लं. दुसऱ्यात उंट चांगला विरुद्ध उंट वाईट असा एंडगेम पन्नास चाली चालवून जिंकलात. आक्रमण दोन्हीत नाही. आपल्याला जे डाव बघायला आवडतात तो आपला स्वभाव, असं आपण धरून चालतो. पटावर आपण जे डाव जिंकतो ते बऱ्याचदा वेगळेच असतात. ओपनिंग निवडताना जिंकलेले डाव बघावेत.

कारण ओपनिंग म्हणजे दहा चालींची यादी नव्हे. मिडलगेममध्ये प्याद्यांची रचना कशी असेल याचा तो आगाऊ करार असतो. फ्रेंचमध्ये केंद्र बंद होतं, जागा कमी मिळते आणि सी८ चा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. बदल्यात सी५ आणि एफ६ ने पांढऱ्याचं केंद्र पोखरायला मिळतं. सिसिलियनमध्ये तुमचं सी-प्यादं पांढऱ्याच्या डी-प्याद्याशी बदललं जातं, सी-पट्टी अर्धी उघडी मिळते, पण राजा बराच वेळ मध्येच राहतो. किंग्ज इंडियनमध्ये पांढरा वजिराच्या बाजूने येतो, तुम्ही एफ५-एफ४-जी५ करत राजावर जाता, आणि जो उशिरा पोचेल तो मरतो. कारो-कानमध्ये पांढऱ्या घरांचा उंट ई६ च्या आधी बाहेर काढता येतो आणि रचना भक्कम राहते; किंमत म्हणून सी-प्यादं सी५ ला नेताना एक चाल जास्त खर्च होते. तुमचे दोन विजय या चारांपैकी कोणत्या करारातले आहेत, हे तुम्हीच ओळखाल.

तरी पर्याय नीट तोलू, कारण प्रशिक्षकांचं म्हणणंही टाकाऊ नाही.

१.ई४ ला ई५ हे शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत उत्तर आहे. मोहरी लवकर बाहेर येतात, कॅसलिंग लवकर होतं, डावपेच सतत समोर येतात. हजाराच्या खालच्या खेळाडूने दुसरं काही शोधूच नये. पण त्याचा खर्च प्रशिक्षक सहसा सांगत नाहीत : पांढऱ्याकडे सहा-सात वेगवेगळ्या वाटा असतात आणि प्रत्येकीला किमान एक उत्तर हाताशी हवं. २.एफ४ ला ई×एफ४ ३.घो-एफ३ डी५ ४.ई×डी५ घो-एफ६. व्हिएन्नात २.घो-सी३ घो-एफ६ ३.एफ४ आलं की ३...डी५ च, एफ४ मारलंत तर ४.ई५ येतं आणि घोडा परत जी८ वर जातो. २.घो-एफ३ घो-सी६ नंतर स्कॉचमध्ये ३.डी४ ई×डी४ ४.घो×डी४ घो-एफ६. इटालियनमध्ये ३.उं-सी४ ला ३...घो-एफ६ खेळायचं तर ४.घो-जी५ ची तयारी हवी : ४...डी५ ५.ई×डी५ घो-ए५, आणि ६.उं-बी५+ सी६ ७.डी×सी६ बी×सी६ नंतर एक प्यादं कमी पण मोहरी भराभर बाहेर. पाचव्या चालीला घो×डी५ खेळलं की ६.घो×एफ७ येतं आणि मारणाऱ्या राजाला ७.व-एफ३+ नंतर डी५ चा घोडा राखायला ई६ वर, भर चौकात, उभं राहावं लागतं. हे नको असेल तर ३...उं-सी५ खेळा. मग ४.घो-जी५ ला वजीर सरळ घोडा खातो, कारण एफ६ मोकळं आहे. मात्र ४.सी३ घो-एफ६ ५.डी४ ई×डी४ ६.सी×डी४ झालं की उंटाने बी४ वर शह द्यायचा. तो बी६ ला मागे नेला तर डी५ आणि ई५ ही दोन प्यादी रोलरसारखी अंगावर येतात.

आणि स्पॅनिश तर आहेच. ३.उं-बी५ ए६ ४.उं×सी६ डी×सी६ ५.घो×ई५ ला ५...व-डी४ ने प्यादं परत मिळतं, एवढं कळलं की निम्मी भीती जाते. ४.उं-ए४ घो-एफ६ ५.ओ-ओ उं-ई७ ६.ह-ई१ बी५ ७.उं-बी३ डी६ ही जुनी, सरळ वाट आहे. ज्यांना शांत एंडगेम चालतो त्यांच्यासाठी बर्लिन, म्हणजे ३...घो-एफ६. लंडनमध्ये २००० साली क्रॅमनिकने जगज्जेतेपद घेतलं तेव्हा कास्पारोव्हला पूर्ण लढतीत एकही डाव जिंकता आला नाही, त्यात या भिंतीचा वाटा मोठा होता.

आठवड्याला सात-आठ तास असतील आणि स्पर्धा सहा महिने दूर असेल, तर मीही ई५ च सांगेन. तुमच्याकडे पाच तास आणि सहा आठवडे आहेत.

पर्कबद्दल मित्राचा तर्क फसवा आहे. समोरच्याला पर्क येत नाही हे खरं, पण त्याला येण्याची गरजच नाही. डी४, घो-सी३, उं-ई३, व-डी२, उं-एच६, मग एच-प्यादं पुढे : हे कुणीही न शिकता खेळतं. अचूक खेळण्याचा भार मात्र तुमच्यावर. स्कँडिनेव्हियनचं (१.ई४ डी५ २.ई×डी५ व×डी५ ३.घो-सी३ व-ए५) एक बरं असतं, की पहिल्याच चालीला तुम्ही डाव आपल्या वाटेवर आणता, वजिरामागे एक चाल जाते, ती सोसणाऱ्यांसाठी ठीक. फ्रेंचचा कोर्स अर्धा केलाच आहात, तर एक सापळा कायमचा लक्षात ठेवा : १.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.ई५ सी५ ४.सी३ घो-सी६ ५.घो-एफ३ व-बी६ ६.उं-डी३ सी×डी४ ७.सी×डी४ नंतर डी४ चं प्यादं फुकट दिसतं. ७...घो×डी४ ८.घो×डी४ व×डी४ ९.उं-बी५+ आणि वजीर गेला. आधी ७...उं-डी७. कोर्सचे पैसे गेले याचं दुःख सोडा. गेलेल्या पैशासाठी पुढचे दोनशे डाव न आवडणारे खेळणं जास्त महाग पडतं.

सापळ्यांच्या ओपनिंग्जबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चार ओपनिंग्ज बदललेला माणूस पाचव्या वेळी तिकडेच वळतो. १.डी४ ई५ चा एंग्लुंड गॅम्बिट (प्यादं देऊ करणारी सुरुवात) घ्या : २.डी×ई५ घो-सी६ ३.घो-एफ३ व-ई७ ४.उं-एफ४ व-बी४+ ५.उं-डी२ व×बी२. इथे ६.उं-सी३ ही चूक झाली तर ६...उं-बी४ ने पांढरा कोसळतो. ६.घो-सी३ खेळला की तुमचा वजीर शत्रूच्या घरात एकटा. ज्या चालीचा फायदा समोरच्याच्या एका चुकीवर उभा आहे, ती रेटिंग वाढेल तशी दर महिन्याला निरुपयोगी होत जाते.

तर माझं मत : ज्या कारो-कानवर तुम्ही रुसलात तोच परत घ्या आणि डी४ ला स्लाव जोडा. दोन्हीत सी६-डी५ ची तीच भिंत, दोन्हीत 'आधी उंट बाहेर, मग ई६' हे एकच सूत्र, त्यामुळे एका डावातलं शहाणपण दुसऱ्यात कामी येतं. बॉट्विनिक, पेट्रोशियन, कार्पोव्ह असे विश्वविजेते कारो-कान खेळले आहेत, तेव्हा तो भित्र्यांचा बचाव आहे हे मनातून काढा.

काय शिकायचं ते नेमकं सांगते. ज्या टू नाइट्सने (२.घो-एफ३ आणि ३.घो-सी३ ने) तुम्हाला मारलं तिथे ३...उं-जी४ : ४.एच३ उं×एफ३ ५.व×एफ३ ई६, मग घो-एफ६, घो-डी७ आणि कॅसलिंग. उंट एच५ ला मागे नेऊ नका, जी४ येऊन त्याच्या मागे लागतं. पांढऱ्याला उंटांची जोडी मिळते. तुमच्या रचनेत त्यांना घुसायला भोक नसतं. मुख्य ओळीत (२.डी४ डी५ ३.घो-सी३ डी×ई४ ४.घो×ई४) ४...उं-एफ५ ५.घो-जी३ उं-जी६ ६.एच४ एच६ ७.घो-एफ३ घो-डी७ खेळा. इथे ७...घो-डी७ चं काम एकच : घोडा ई५ वर येऊ नये. तुमच्या हरलेल्या डावातलं कोडं इथे सुटतं.

कुणी ४...घो-एफ६ ५.घो×एफ६+ ई×एफ६ सुचवेल. ते सोपं आहे आणि टू नाइट्सलाही तसंच चालतं : उंट डी६, कॅसलिंग, हत्ती ई८. पण एफ-पट्टीवर दुहेरी प्यादी राहतात आणि सगळी मोहरी बदलली गेली तर नुसत्या प्याद्यांचा एंडगेम बहुधा पांढराच जिंकतो. तुम्ही मोहरी बदलत बदलत जिंकणाऱ्या. तुमच्या हाताला हे घातक ठरेल.

२.डी४ डी५ नंतर ३.ई५ ला उं-एफ५. यात एक चाल जीवनमरणाची आहे : ४.एच४ आलं की ४...एच५. सवयीने ४...ई६ खेळलात तर ५.जी४ उं-ई४ ६.एफ३ उं-जी६ ७.एच५ आणि उंट एका प्याद्याच्या मोबदल्यात गेला. ४.घो-एफ३ सारख्या शांत चालींना ई६ आणि मग योग्य वेळी सी५. डी४ वर मारा केल्याशिवाय या रचनेत काळ्याला श्वास मिळत नाही. सी५ विसरून नुसतं बसून राहणं ही १२०० ते १६०० मधली नेहमीची चूक आहे.

३.ई×डी५ सी×डी५ ४.उं-डी३ ला लोक कंटाळवाणं म्हणतात. तुम्ही म्हणू नका. ४...घो-सी६ ५.सी३ घो-एफ६ ६.उं-एफ४ उं-जी४ ७.व-बी३ व-डी७, मग ई६, उं-डी६, कॅसलिंग, हत्ती बी८ आणि बी५-बी४. दोन प्याद्यांनी तीन प्याद्यांवर चालून जायचं, सी३ ला भगदाड पाडायचं आणि उरलेलं कमजोर प्यादं एंडगेममध्ये खायचं. अगदी तुमच्या आवडीचा डाव. आणि ४.सी४ चा पानोव्ह आला तर ४...घो-एफ६ ५.घो-सी३ ई६ ६.घो-एफ३ उं-ई७, बहुतेकदा पांढऱ्याच्या डी४ वर एकाकी प्यादं उरतं. त्यासमोर घोडा कसा बसवायचा हे तुम्हाला सांगायला नको.

एक धोका ओळखून ठेवा. सातवी चाल घो-डी७ वर सांगितली ती उंट आधी बाहेर आल्यावरची आहे. कुणी ४...घो-डी७ खेळत असेल तर ५.व-ई२ नंतर ५...घो(जी८)-एफ६ ही 'नैसर्गिक' चाल म्हणजे ६.घो-डी६ मात. ई७ चं प्यादं वजिरामुळे पिन झालेलं असतं, म्हणजे ते हललं तर राजाला शह बसतो.

स्लावमध्ये १.डी४ डी५ २.सी४ सी६ ३.घो-एफ३ घो-एफ६ ४.घो-सी३ डी×सी४. आता बी५ ने प्यादं राखण्याची धमकी आहे, म्हणून पांढरा ५.ए४ खेळतो आणि बी४ चं घर कायमचं सोडून देतो. ५...उं-एफ५ ६.ई३ ई६ ७.उं×सी४ उं-बी४ : सोडलेल्या घरात आपला उंट. कारण कळलं की ओळ आपोआप लक्षात राहते. ३.घो-सी३ घो-एफ६ ४.ई३ आलं तर मात्र उंट घाईने एफ५ ला काढू नका, ५.सी×डी५ सी×डी५ ६.व-बी३ ने बी७ आणि डी५ दोन्हींवर मारा येतो. तिथे ४...ए६ खेळा, बी५ ची तयारी म्हणून. सी८ चा उंट बाहेर पडला की बी७ उघडं पडतं, हे स्लावमधलं अर्धं ज्ञान आहे.

लंडन तुम्हाला सतत भेटणार. १.डी४ डी५ २.उं-एफ४ घो-एफ६ ३.ई३ सी५ ४.सी३ घो-सी६ ५.घो-डी२ ई६ ६.घो(जी१)-एफ३ उं-डी६. इथे आपलं उंटाचं सूत्र मोडतंय, कारण ई५ हे घर जास्त महत्त्वाचं आहे. पांढऱ्याचा घोडा ई५ वर बसला, एफ४ ने पक्का झाला आणि वजीर एच५ कडे निघाला की काळ्याचे हाल होतात. म्हणून उंटासमोर उंट. त्याने डी६ वर मारलं तर वजिराने परत मारा आणि पुढचं लक्ष्य स्वतःचं ई५. १.सी४ ला सी६ : २.डी४ डी५ म्हणजे स्लाव, २.ई४ डी५ म्हणजे बहुधा पानोव्ह. १.घो-एफ३ ला डी५. बी३, एफ४ वगैरे विक्षिप्त सुरुवातींसाठी डी५, घो-एफ६, केंद्र धरा, कॅसलिंग करा. यावर वेळ घालवू नका.

हे सगळं एका वहीत, जास्तीत जास्त दहा ओळी, प्रत्येक दहा चालींपेक्षा लांब नाही. प्रत्येक ओळीखाली एकच वाक्य : इथून मला काय करायचंय. चाल पाठ झाली का, हे तपासायचं नाही. तपासायचं असं : 'ही चाल न खेळता मी कोपऱ्यातलं ए-प्यादं हलवलं, तर पांढरा काय करेल?' उत्तर देता आलं नाही तर ती चाल अजून तुमची झालेली नाही.

पाच तासांची वाटणी : ओपनिंगला एक तास, त्याहून जास्त अजिबात नाही. दोन तास डावपेचांची कोडी, आणि त्यात फोर्कची जास्त; तो ई७ चा घोडा विसरू नका. एक तास हत्तींचे एंडगेम. उरलेला तास स्वतःच्या एका डावाचं विश्लेषण, आधी इंजिनशिवाय. खेळण्याचा वेळ वेगळा काढा : आठवड्याला चार डाव, पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये नवं ओपनिंग तपासू नका. तिथे माणूस घाईला हरतो आणि खापर ओपनिंगवर फोडतो. डाव संपला की वहीतून नेमके कुठे बाहेर पडलो ते एकच ठिकाण बघा आणि एकच चाल जोडा. स्पर्धा धरून तीस डाव होईपर्यंत 'हे ओपनिंग मला जमत नाही' असं म्हणायची बंदी.

'आयुष्यभर पुरेल' हा हट्टही सोडा. १८०० ला पोचलात की कारो-कानमध्ये जिंकायला जागा कमी वाटू लागेल, कदाचित तेव्हा प्रशिक्षकांचं ई५ आठवेल. तेव्हा शिकलात तर आजच्यापेक्षा निम्म्या वेळात शिकाल. पण चालू ओपनिंग खेळत राहून नवं बाजूला तयार करायचं, एका पराभवाच्या रात्री तडकाफडकी बदलायचं नाही.

आणि भराभर खेळणारी मुलं. त्यांच्या वेगाला उत्तर वेगाने देऊ नका. पहिल्या आठ चाली माहीत असल्या तरी प्रत्येकीला दहा-पंधरा सेकंद घ्या, हात शांत राहतो. ज्या चालीला वही संपते तिथे थांबून पाच ते आठ मिनिटं खर्च करा : माझं सर्वांत वाईट मोहरं कुठलं, कुठलं प्यादं पुढे ढकलून केंद्र फोडायचंय, आणि समोरच्याची शेवटची चाल कशावर रोखलेली आहे. ९० मिनिटांत हा खर्च परवडतो. त्या मुलाचीही पाठ केलेली ओळ साधारण तिथेच संपलेली असते, पण त्याला सवय भराभर खेळायची असते. बाराव्या ते अठराव्या चालीच्या दरम्यान तो मिनिटभरही न थांबता एखादं प्यादं पुढे रेटेल. त्याच्या मागे कुठलं घर रिकामं झालं, तेवढं बघा.